चराच्या तोंडाशी बसणारी टिटवी

मुलांनो, उसाच्या मळ्यांच्या खाली, उताराला, एक तळे होते. अर्धे पाणी, अर्धा चिखल आणि मध्ये पाणकणसांचे दाट बेट. बेटाजवळच्या बाभळीवर एक राखी बगळा आपल्या बगळीसोबत राहत असे. तळ्यावर त्याचा शब्द चाले. पाणकोंबड्यांची भांडणे तोच मिटवायचा. त्याने मान हलवली की ती गोष्ट ठरली, असे सगळे धरून चालत.

एका वर्षी माणसांनी मळ्यांत साचणारे पाणी काढून द्यायला लांबच लांब चर खणला आणि त्याचे तोंड तळ्यात सोडले. तिथल्या खडकाळ काठावर एक टिटवी राहायची. ती रोज सकाळी चराच्या तोंडापासून बेटापर्यंत फेरी मारून सगळे नीट पाहून ठेवी : गोगलगायी किती उरल्या, बेडूक कुठे बसतात, मासे कसे पोहतात. महिनाभराने ती बगळ्याकडे आली.

"बगळेदादा, चराजवळ एकही गोगलगाय जिवंत नाही. पाण्याला उग्र वास येतोय. आणि मासे बघा, अंगावर सावली पडली तरी हलत नाहीत."

बगळा त्या कोपऱ्यावर खरे तर फार खूश होता. पूर्वी एका माशासाठी त्याला तासन्‌तास एका पायावर उभे राहावे लागे. आता चोच घातली की मासा! तो हसून म्हणाला, "अगं, हे मासे खाऊन खाऊन सुस्तावलेत. शेतातलं खत येतंय ना पाण्यातून!"

"खतच नाही येत, दादा. मळ्यात औषध मारतात, तेही याच चरातून येतं. ते मासा गिळतो आणि माशाला तुम्ही. निदान बगळीवहिनी अंडी घालेपर्यंत तरी इथलं खाऊ नका."

बगळ्याने ऐकून न ऐकल्यासारखे केले. टिटवी मात्र रोज येऊन नवे काही सांगे. आज दोन मासे पोट वर करून तरंगताना दिसले, आज एक बेडूक गेला. शेवटी पाणकोंबडी वैतागली. "टिटवी ओरडली की अशुभ होतं. हिला आधी इथून हाकला!" सगळ्यांनी बगळ्याकडे पाहिले. त्याच्या चोचीत तेव्हा मासा होता. बोलता येईना, म्हणून त्याने नुसती मान हलवली. तेवढे पुरले. पाणकावळ्यांनी टोचून टोचून टिटवीला दूरच्या माळावर पिटाळले.

तळ्यावर शांतता झाली. बगळीने चार अंडी घातली. ती उबवायला बसली आणि एक अंडे तिच्या अंगाखालीच पिचकले. कवच कांद्याच्या सालीसारखे पातळ होते. मग आणखी दोन फुटली. चौथ्यातून पिल्लू बाहेर आले, पण त्याची वरची चोच एका बाजूला वळलेली होती. बगळ्याने लहानात लहान मासळी आणून त्याच्या तोंडात ठेवली. ती घसरून पडली. त्याने पुन्हा ठेवली, पुन्हा पडली. दिवसभर तो तेच करत राहिला. तिसऱ्या दिवशी पिल्लाने चोच उघडणेच सोडले.

बगळी बराच वेळ घरट्याच्या काठावर बसून होती. मग तिने विचारले, "टिटवी हे सांगत होती, तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"तिथेच होतो," बगळा म्हणाला. "जेवत होतो."

तो उडाला तो थेट माळावर गेला. टिटवीसमोर मान खाली घालून म्हणाला, "तुला अशुभ म्हटलं ते दुसऱ्यांनी, पण मान मी हलवली. माझं चुकलं. परत येशील?"

टिटवी म्हणाली, "येईन. पण आधी एक सांगा. पिल्लाची चोच कोणत्या बाजूला वळली होती?"

बगळ्याला हा प्रश्न झोंबला. तरीही तो म्हणाला, "डावीकडे."

"काल पाणकोंबडी रडत इथे येऊन गेली," टिटवी हळूच म्हणाली. "तुमच्या पिल्लाचं तिनंच सांगितलं. तिच्या एका पिल्लाचीही चोच तशीच होती. हे सगळ्यांना सांगायला हवं, दादा. दुखलं तरी सांगायला हवं."

ती दोघे मिळूनच तळ्यावर परतली. बगळ्याने सगळ्यांना गोळा केले आणि आपल्या घरट्यात काय घडले ते स्वतःच्या तोंडाने सांगितले. त्या दिवसापासून चराच्या बाजूचे कोणी खाईना. सगळे पलीकडच्या ओढ्यावर जाऊ लागले. लांब पडे, पोटही पुरते भरत नसे. पण पुढच्या हंगामात पाणकणसांत धडधाकट पिल्लांचा चिवचिवाट झाला.

बाभळीवर मात्र काही हालचाल नव्हती. बगळा रोज एकेक काडी आणून बगळीपुढे ठेवी. बगळीने त्यातली एकही उचलली नाही.

तात्पर्य : धोक्याची खबर देणाऱ्याला हाकलल्याने धोका जात नाही, तो येताना दिसेनासा होतो, एवढेच.