राखी रुमालातली बखर

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी म्हणाल, तर राजांकडे अजून नकाशे नव्हते आणि लढाईला निघण्याआधी ते जुन्या लढायांच्या बखरी वाचून घेत, तेव्हाची. लहानांनी जरा जवळ सरकून बसा. मोठ्यांनीही बसा, कारण यात चूक केली आहे ती मोठ्या माणसानेच.

एका राजधानीत बखरींचे दुकान होते. दुकान ते केवढे! चार माणसे आत शिरली की पाचव्याने पायरीवर थांबायचे. तिथे पुराणे नव्हती, पंचांगे नव्हती, औषधांच्या पोथ्या नव्हत्या. फक्त लढाया. दुकानदार स्वतः बोरू घेऊन नकला करी आणि विकी. घरात त्याचा धाकटा भाऊ हैबती आणि हैबतीची बायको साळू. आईबाप लवकर गेले, तेव्हापासून दुकानदारानेच हैबतीला अंगाखांद्यावर वाढवले होते. त्याचा भावावर फार जीव होता.

या धंद्याची एक रीत होती. प्रत्येक लढाईच्या बखरी दोन असत. जिंकलेल्यांनी लिहिलेली तांबड्या रुमालात बांधायची, हरलेल्यांनी लिहिलेली राखी रुमालात. मग दोन्ही एका दोरीने बांधून विकायच्या. एकटी कधी द्यायची नाही. का, ते कुणी सांगत नसे.

पण गिऱ्हाईक कुठे ऐकते? "ती राखी ठेव तुझ्याकडेच. रडगाणं कोण वाचणार?" लोक म्हणत. दुकानदारही कंटाळला. एके दिवशी त्याने दोऱ्या सोडल्या. तांबड्या बखरी दर्शनी फळीवर मांडल्या, राखी मागच्या खोलीत रचल्या. वर गिऱ्हाइकांना सांगू लागला, "हरलेल्यांच्या बखरीत काय असायचं? सबबी, दुसरं काय!" लोक हसत. हैबतीही हसे. दुकान दणक्यात चालले.

आणि मग मागच्या खोलीत ओल आली.

चैत्राचे दिवस, आभाळात ढग नाही, भिंती कोरड्या ठणठणीत. पण राखी रुमाल भिजलेले. दुकानदाराने ते उन्हात वाळवले, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा ओले. मग खोलीत वास येऊ लागला, नदीकाठच्या गाळाचा आणि घामेजलेल्या घोड्यांचा. भर दुपारी सगळा बाजार निजलेला असताना दाराआडून घोडा फुरफुरल्याचा आवाज येई. दार उघडावे तर आत बखरी, आणि जमिनीवर थोडे पाणी.

"उंदीर असतील," दुकानदार म्हणाला. उंदीर फुरफुरतात होय? पण त्याला तसेच वाटून घ्यायचे होते.

अशाच एका दुपारी दुकानात एक म्हातारा शिपाई आला. अंगरखा कुठल्या राज्याचा, ते ओळखू येईना. बाहेर रस्त्यावर धूळ उडत होती, आणि याचे पाय गुडघ्यांपर्यंत ओल्या चिखलाने माखलेले.

"काळ्या नदीच्या लढाईची बखर आहे?" त्याने विचारले.

"आहे की! ही बघा." दुकानदाराने तांबडी पुढे केली.

"ही नको. दुसरी."

"तिला गिऱ्हाईक नाही हो, बाबा."

"मी विकत घ्यायला नाही आलो," शिपाई म्हणाला. "तू ती वाचलीस का, एवढं विचारायला आलो."

दुकानदार ओशाळला. त्या बखरीच्या त्याने पाच नकला केल्या होत्या. पण नक्कल करणारा अक्षर बघतो, मजकूर कुठे बघतो? विषय बदलायला त्याने पाण्याचा तांब्या पुढे केला. शिपाई घटाघटा प्याला, तांब्या खाली ठेवला आणि निघून गेला.

दुकानदाराने तांब्या उचलला. तो काठोकाठ भरलेला होता. पायरीवर चिखलाची पावले होती, ती आत येणारी. बाहेर जाणारे एकही पाऊल नव्हते.

एखादा शहाणा माणूस लगेच ती बखर उघडून बसला असता. याने काय केले? मागच्या खोलीला कुलूप घातले. आता काय म्हणावे याला!

पुढे राजाने शेजारच्या राज्यावर स्वारी ठरवली. वाडवडिलांनी वडाखालच्या उतारावरून काळी नदी ओलांडली आणि अर्ध्या दिवसात लढाई मारली, असे त्याने तांबड्या बखरीत वाचले होते. बखर याच दुकानातली. "आपणही तिथूनच उतरू," राजा म्हणाला. तरणी पोरे घोड्यांवर बसली. हैबतीही बसला. साळूने त्याला ओवाळले, दुकानदाराने पाठ थोपटली, आणि फौज गेली.

तिसऱ्या दिवशी कुलूपबंद दाराखालून चिखल बाहेर आला.

दुकानदाराने कुलूप काढले. खोलीत घोटाभर गाळ होता आणि त्यावर एकच बखर, अगदी कोरडी. काळ्या नदीची. तो तिथेच दारात बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा ती वाचू लागला.

'आम्ही हरलो,' असे त्यात लिहिले होते, 'कारण त्या वर्षी पाऊस पडला नाही. वडाखालच्या उतारासमोर, पैलतीराजवळ गाळ आहे. तो घोड्यासकट स्वार गिळतो. आमच्या राज्याचा तोच कोट. त्या वर्षी गाळ सुकला आणि शत्रू चालत आला. त्याला वाटले, आपण शूर.'

आणि गेल्या वर्षी तर पाऊस धो धो झाला होता.

शेवटच्या पानावर त्या गाळात गेलेल्यांची नावे होती. वरची पुसट, जुनी. खाली खाली शाई ताजी होत गेली आणि नावे ओळखीची होऊ लागली. कुंभाराचा थोरला. पुजाऱ्याचा जावई. अगदी तळाशी हैबतीचे नाव अर्धेच उमटले होते, आणि शाई ओली होती.

दुकानदार उठला तो तसाच धावत सुटला. हातापाया पडून त्याने एक घोडा मिळवला आणि दोन दिवस कुठे टेकला नाही. तो पोचला तेव्हा फौज काठावर उभी होती.

"हैबती, थांब! पलीकडे गाळ आहे! हे बघ, यात लिहिलंय!"

हैबतीने रुमालाचा रंग पाहिला. "दादा, हरलेल्यांच्या सबबी त्या. तूच सांगायचास ना?"

"न वाचता सांगायचो रे! खोटं सांगायचो. तुझ्या पाया पडतो, खाली उतर."

थोरल्या भावाला असे रडताना हैबतीने कधी पाहिले नव्हते. त्याने लगाम ओढला. पण मागून सरदार ओरडला, "भावाचा हात धरून लढाईला आलाय कोण तो?" सगळी फौज खदाखदा हसली. त्या सगळ्यांनी तांबडीच बखर वाचलेली. हैबतीचा चेहरा लाल झाला आणि त्याने घोड्याला टाच मारली. मागोमाग सगळी फौज पाण्यात उतरली.

कुणी बाण मारला नाही, कुणी तलवार उपसली नाही. पलीकडे शत्रूच नव्हता, त्याला यायची गरज नव्हती. घोडे आधी गुडघ्यापर्यंत गेले, मग पोटापर्यंत. आणि दुकानदाराला दिसले, की त्या गाळात आधीपासूनच काही माणसे उभी आहेत, मुकाट. नव्यांना जागा करून द्यावी तशी ती जराशी बाजूला सरकली.

मग पाणी शांत झाले. दुकानदाराने हातातल्या पानाकडे पाहिले. भावाचे नाव पूर्ण झाले होते.

तो घरी परतला तेव्हा साळू दारातच उभी होती. त्याने तिला सगळे सांगितले, काही लपवले नाही. तिने शेवटपर्यंत ऐकले आणि विचारले, "दादा, त्या गाळाचं आपल्यात कुणालाच ठाऊक नव्हतं का हो?"

दुकानदाराची मान खाली गेली. "लिहिलेलं होतं, साळू. आपल्याच दुकानात होतं."

साळूने दार लावून घेतले, आणि ते त्याच्यासाठी पुन्हा कधी उघडले नाही.

बोध: लोकांना गोड लागते तेवढेच जो त्यांच्या हातात देतो, तो त्यांचा घात करतो.