कठड्याला दार

"उद्या पहाटे माझ्याऐवजी तुम्ही उभे राहाल का, बुवा?"

विचारणारा हनोख साळवे, आमच्या चर्चच्या मंडळीचा नवा पाळक. ईस्टरच्या, म्हणजे येशू कबरीतून उठला त्या सणाच्या, आदल्या दिवशी आम्ही सगळे कबरस्तानात आपापल्या माणसांच्या कबरींना चुना लावत होतो. उद्या दिवस उगवताना उपासना इथंच, आणि ती हनोखनं चालवायची.

गडी हुशार. प्रवचनात ग्रीक शब्द घालायचा, आम्हाला ठो कळायचं नाही. पण पावसाळ्यात त्याची बायको रूथ गेली आणि त्याचं बोलणंच आटलं.

त्याला ज्यांनी शिकवलं ते म्हातारे पाळकबुवा उबाळे आपल्या बायकोच्या कबरीपाशी बसून काटे वेचत होते.

"का रे? घसा धरलाय?"

"'प्रभू उठला आहे', एवढंसुद्धा तोंडातून निघत नाही, बुवा. समोर रूथ दिसते..."

बुवा काटे वेचत राहिले.

"लोक कबरीवर फुलं वाहतात," हनोख चिडूनच म्हणाला. "तुम्ही पायथ्याशी काय करत बसता?"

"आपल्यात पाय पूर्वेला ठेवून पुरतात ना? शेवटच्या दिवशी मेलेले उठतील, तेव्हा उठल्याबरोबर समोर उजेड दिसावा म्हणून. हिचे पाय भारी नाजूक, बाबा. पहिलंच पाऊल काट्यावर नको पडायला." बुवा गालातल्या गालात हसले. "एवढ्या वर्षांचा संसार दिला देवानं. वर पुन्हा भेट घालून देणार. किती उपकार मानू त्याचे..."

मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि रूथच्या कबरीपाशी गेले. शेरडं चढू नयेत म्हणून हनोखनं तिथं मोठ्या मायेनं नवा लोखंडी कठडा बसवला होता. चारी बाजूंनी बंद.

बुवांनी त्यावरून हात फिरवला. "झकास काम झालंय. दार कुठंय?"

"दार कशाला? आतून कोण बाहेर येणार आहे?"

बोलून गेला... आणि जागच्या जागी थिजला.

माझ्या हातातला ब्रश तसाच राहिला.

हनोख कठडा धरून खाली बसला आणि ढसाढसा रडला. रूथला पुरलं त्या दिवशीही इतका रडला नव्हता. मला तर बरंच वाटलं, खरं सांगतो.

बऱ्याच वेळानं त्यानं तोंड पुसलं.

"उपकार झाले, बुवा. उद्या मीच उभा राहतो. वेल्डिंगवाल्याला आत्ताच बोलावतो, पायाच्या बाजूला दार करून घेतो."

"घे की." बुवा पुन्हा आपल्या काट्यांकडे वळले...

"आणि कडी आतून बसवायला सांग."