बाईसाहेब कुणाला म्हणतोस?

लाथा मारणं बंद करा आधी, मग गोष्ट. तर एकदा काय झालं, लांब आफ्रिकेत, पार पश्चिमेला, एक गाव होतं. तिथे फुलानी लोक गाई राखायचे आणि सेरेर लोक बाजरी पिकवायचे. फुलानी मशिदीत जायचे. सेरेरांतले काही चर्चमध्ये जायचे, तर काही झाडाखाली पितरांना दूध वाहायचे. पण दोघांचं नातं मोठं गमतीचं, बरं का! भेटले की चिडवाचिडवी. फुलानी म्हणजे गायचोर आणि सेरेर म्हणजे खादाड. अदबीनं बोलायचं ते फक्त परक्यांशी.

फुलान्यांची ताक्को रोज दूध घेऊन विहिरीवर यायची. म्हातारा जोगोय सेरेर शेतकरी. तो तिला बघून ओरडायचा, "आली गायचोरटी! आज कुणाची चोरलीस?"

"तुझीच! तू जेवत बसला होतास, तुला कुठलं कळायला!"

मग दोघांची हसून हसून मुरकुंडी वळायची. विहिरीत राहायचं एक पाणभूत. भलं होतं हं, घाबरू नका. तेही हसायचं आणि पाणी काठाला लागायचं.

मग कुठून दुर्बुद्धी सुचली देव जाणे! विहीर कुणाची, यावरून भांडण पेटलं. चेष्टामस्करी बंद. जो तो "आपण बसा, आपण घ्या." आग लागो त्या अदबीला! पाणभूत हिरमुसून तळाशी गेलं, पाणीही त्याच्या मागोमाग.

मग इमाम आले. म्हणाले, "देवा, आमच्यापुरतं दे." पाणी आणखी खाली. मग पाद्री आले. तेही तसंच म्हणाले. आणखी खाली. मग पितरांचा पुजारी आला. त्यानं दूध ओतलं, पण मागणं तेच. उरला नुसता चिखल!

ताक्कोच्या गाई तहानेनं व्याकूळ झाल्या. गाव सोडायचं, ते कायमचंच. तिनं गाठोडं बांधलं. ती निरोप घ्यायला विहिरीवर गेली, तर जोगोय मान लववून म्हणाला, "सुखरूप जा, बाईसाहेब."

ताक्कोला रडूच कोसळलं. "बाईसाहेब कुणाला म्हणतोस, मेल्या? मी परकी झाले का रे? खादाडा, बाजरीबरोबर माझं नावही गिळलंस?"

जोगोयचे डोळे भरून आले. "गायचोरटे! निघालीस कुठे? आधी माझी गाय दे!"

खालून खुदकन आवाज आला. पाणभूत विचारत होतं, "काय गं, विहीर कुणाची?"

"या खादाडांची! नाहीतर एवढं पाणी संपलं कसं?"

"छे छे, गायचोरांची!" जोगोय म्हणाला. "चोरलीच असणार त्यांनी!"

मग पाणभुताला हसू आवरेना. ते हसत हसत वर आलं आणि पाणी काठावरून सांडलं. गाई पोटभर प्याल्या. इमाम, पाद्री आणि पुजारी एकाच पोहऱ्यानं प्याले. ताक्कोनं बांधलेलं गाठोडं सोडलं.

आणि मग ते सगळे रोज एकमेकांना चिडवत सुखानं राहिले. चला, मिटा डोळे आता, माकडांनो.