यजमानालाही विचारावे

एकदा एक शिष्य आपल्या वृद्ध गुरुजींकडे आला, तेव्हा त्याचे तोंड एवढेसे झाले होते. ज्यांना संकेतस्थळ चालवण्यासाठी क्लाउड सेवा, म्हणजे दूरच्या संगणकांवरची जागा, भाड्याने हवी, त्यांना ती पुरवणारी कंपनी शोधून देणे हा त्याचा व्यवसाय. ग्राहकाची आवडनिवड तो बारकाईने विचारी आणि सर्वांत नावाजलेली कंपनी मिळवून देई. तरीही त्याने अशाच एका कंपनीशी जोडून दिलेल्या एका लहानशा रक्तपेढीचे संकेतस्थळ ऐन वेळी बंद पडले. एका बाळंतिणीसाठी रक्त शोधत तिची माणसे गावभर वणवण फिरली. ती वाचली, पण शिष्याची झोप उडाली.

"एवढी मोठी कंपनी, पण साधी तक्रारही कुणी ऐकली नाही. आता दुसरी कुठली सुचवू, गुरुजी? माझा माझ्यावरच भरवसा राहिला नाही."

गुरुजींच्या नातीचे लग्न दुसऱ्या दिवशी होते. ते म्हणाले, "ते पाहू. आधी गल्लीतल्या घरांमध्ये पाहुण्यांची उतरायची सोय लाव."

शिष्याने प्रत्येक पाहुण्याला विचारले. सगळ्यांनाच शेजारचा नवा बंगला हवा! शेवटी मानाच्या म्हणून नवरदेवाच्या आत्याबाईंना त्याने तिथे उतरवले. इतक्यात गुरुजी आले. त्यांनी आत्याबाईंची पिशवी स्वतः उचलली आणि त्यांना गल्लीच्या टोकाला, जनाक्कांच्या दोन खोल्यांच्या घरी नेऊन सोडले. वरपक्षाला रुसायला एवढे निमित्त पुरेसे होते.

संध्याकाळी तो भीतभीतच तिकडे डोकावला. जनाक्का आत्याबाईंच्या गुडघ्यांना तेल चोळत होत्या आणि दोघी कुठल्याशा जुन्या लग्नातली फजिती आठवून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होत्या. "अरे, मला आता इथून हलवू नकोस हो!" आत्याबाईंनी बजावले.

गुरुजी अंगणातच उभे होते. ते हळूच म्हणाले, "बाळा, कुठलं घर हवं हे तू पाहुण्यांना विचारलंस. कुठला पाहुणा हवा, हे घरांना विचारलंस का? बंगल्यातल्या सूनबाई सकाळीच म्हणाल्या होत्या, 'तरुण मंडळी पाठवा, म्हाताऱ्यांचं पथ्यपाणी माझ्याच्याने होणार नाही.' त्यात त्यांचं काय चुकलं? आणि जनाक्का म्हणाली, 'बोलायला कुणीतरी माझ्या वयाचं द्या.' घर चांगलं असून भागत नाही रे. तिथे आपली कुणी वाट पाहत असावं लागतं."

शिष्याने तिथूनच एका छोट्या क्लाउड कंपनीला फोन लावला. तिच्याकडे त्याने आजवर ढुंकूनही पाहिले नव्हते.

"तुम्हाला कसे ग्राहक आवडतात?"

"हे आम्हाला आजवर कुणी विचारलंच नाही," पलीकडून कंपनीच्या मालकीणबाई म्हणाल्या. "लहानच द्या, साहेब. ज्यांचं आमच्यावाचून अडतं, असे. त्यांचा फोन मी स्वतः उचलते."

शिष्याने लगेच रक्तपेढीचा क्रमांक फिरवला.