हुलग्याची चढण

माचणगडाच्या वाटेवर अर्ध्या चढणीला एक सपाट खडक लागतो. तिथं आलं की अंगावरचं ओझं खाली ठेवायचं, मग ती घागर असो की पाहुण्यांची पिशवी. कुणी कारण विचारलं की गावचे महिपतनाना आधी बसायला सांगतात, मग बोलतात.

फार मागं गडावर किल्लेदाराची पागा होती, म्हणे. येसाक्का तिथं घोड्यांच्या चंदीचे हुलगे शिजवायची. एका साली पाऊस आलाच नाही. खाली गावात आधी गुरं गेली, मग म्हातारी माणसं. बाळंतिणींचं दूध आटलं. गडावरचं कोठार मात्र हुलग्यांनी भरलेलं, तेही घोड्यांसाठी.

येसाक्काची भाची यमुना तेव्हा ओली बाळंतीण. येसाक्कानं हुलग्याचं कढण गाडग्यातून नेऊन तिच्यापुढं धरलं.

"घोड्याचं खाणं गं हे, मावशी."

"घोड्याच्या अंगात बळ कुठनं येतं मग? पी."

थोड्याच दिवसांत यमुनेला पान्हा फुटला. मग दुसरी आली, तिसरी आली. येसाक्का आधी नुसतं कढण देई, पुढं दाणेही देऊ लागली. कोठारातून चंदी मोजूनच मिळे, म्हणून तेवढं घोड्यांच्या वाटचं कमी होई.

पागेत काजळी नावाची गाभण घोडी होती, येसाक्कानं शिंगरापासून वाढवलेली. तिच्या बरगड्या दिसायला लागल्या. खरारा करताना येसाक्काला तिच्या डोळ्यांकडं बघवत नसे, असं सांगतात. तरी गाडगं खाली जातच राहिलं. काजळी विताना मेली.

किल्लेदारानं विचारलं, तेव्हा येसाक्कानं काही लपवलं नाही.

"ज्या बायांनी चंदी खाल्ली, त्यांनी घोड्याचं काम करावं," तो म्हणाला. "पाण्याच्या पखाली वाहू देत."

"दिलं मी, सरकार. त्यांच्या अंगात आत्ता कुठं जीव आलाय. सगळ्यांच्या वाटच्या पखाली माझ्या पाठीवर टाका."

त्यानं टाकल्या. गावाखालच्या डोहापासून गडापर्यंत ती एकटी पाणी वाहत राहिली. बाया हात लावायला धावत, शिपाई त्यांना मागं लोटत. एका सकाळी याच खडकाशी ती गुडघ्यांवर बसली. यमुना शिपायांना न जुमानता पुढं आली, तिनं पखाल उतरवली. तोवर येसाक्का गेली होती.

आजही इथं ओझं टेकवल्याशिवाय कुणी पुढं जात नाही. गावात बाळंतिणीला पहिलं कढण हुलग्याचंच देतात, आणि ते चुलीवर चढवण्याआधी ओंजळभर हुलगे काजळीच्या नावानं वेगळे काढतात. घोडी आता गावात कुणाकडंच नाही. ते हुलगे भिजवून दारच्या गाईला घालतात.