कोपऱ्यातला चित्रकार

आता कुणाला नीटसं आठवत नाही, पण मागे कधीतरी एका वाचनालयात एक जुना लॅपटॉप होता. त्याच्यात लिनक्स नावाची नवी कारभारीण, म्हणजे यंत्राचा सगळा कारभार चालवणारी प्रणाली, राहायला आली. तिनं सगळ्या खोल्या पाहिल्या आणि म्हणाली, "चित्रकाराची खोली रिकामीच, ग्राफिक्स कार्डच नाही! प्रोसेसरदादा, चित्रं तुम्हीच काढा."

आकडेमोड दादाचीच, आता चित्रंही त्याचीच. बिचारा तापला, पंखा घरघरू लागला, आणि पडद्यावर पोरांचा सिनेमा अडखळायला लागला. ग्रंथपाल हेमलताबाई वैतागून म्हणाल्या, "संध्याकाळपर्यंत सुधारला नाही, तर भंगारात देते."

कारभारणीचं म्हणणं यंत्राच्या भागांना त्यांच्या भाषेत सांगायला तिच्याबरोबर ड्रायव्हर नावाचा एक दुभाष्या आला होता, बरं का. त्याला सगळ्याचंच नवल.

"दादा, तुमच्या घराच्या कोपऱ्यात कोण बसलंय?"

"तो होय? पोटभाडेकरू. स्वतःची खोली नाही, मेमरीही आमच्यातलीच वापरतो. कुणाशी बोलत नाही."

"तुम्ही कधी बोललात?"

दादा पुन्हा आकडेमोडीला लागला.

दुभाष्या कोपऱ्यात जाऊन बसला. त्यानं एक शब्द टाकला, काही नाही. दुसरा टाकला, तर पडदाच काळा झाला.

"बुडवलंस की रे!" पंखा ओरडला.

पुढच्या शब्दाला पडद्यावर हिरवा ठिपका उमटला.

"म्हणजे चित्रकार तूच?" दुभाष्यानं विचारलं.

"मग कोण!" कोपऱ्यातला म्हणाला. "कारभारीणबाई रिकाम्या खोलीत शोधत होत्या. मी इथंच होतो."

आता चित्रं तो काढू लागला आणि सिनेमा सुरळीत चालला. हेमलताबाईंनी भंगारवाल्याला परत पाठवलं. दुभाष्या मात्र ते शब्द मोठ्यानं म्हणतच राहिला.

"आता कशाला ओरडतोस?" दादानं विचारलं.

"शेजारच्या फळीवर आणखी एक लॅपटॉप आहे, तिथल्या दुभाष्याला ऐकू जाऊ दे," तो म्हणाला. "त्याच्याही कोपऱ्यात कुणीतरी बसलेलं असेल."