द्राक्षवेलीवरची भुरी

एका राज्यात राजवाड्याची बाग थेट समुद्राला टेकलेली होती आणि त्या बागेत एकच द्राक्षवेल होती. तिची राखण आवडी माळिणीकडे. एके दिवशी भस्मनाथ नावाचा मांत्रिक दाराशी आला, त्यानं एक घड मागितला. राजा म्हणाला, पहिला तोडा देवाचा, दुसरा माझा, उरलं तर तुझं. मांत्रिकाला राग आला. त्यानं चिमूटभर राख वेलीवर फुंकली.

"या वेलीचा एक घड निर्मळ पिकेपर्यंत राज्यातलं एकही मूल हसणार नाही."

तसंच झालं. पानांवर भुरीची पांढरी बुरशी चढली, मणी तडकले, आणि पाळण्यापाळण्यातलं हसू थांबलं. आवडीची लेक आठ महिन्यांची. खुळखुळा वाजवा, गुदगुल्या करा, ती नुसती बघत राही. आवडीचा जीव थाऱ्यावर राहिना. तिनं वेलीला जिवापलीकडं जपलं. खारा वारा बाधू नये म्हणून चहूकडून झावळ्यांचे झाप बांधले, एक पान कुणाला तोडू दिलं नाही, दिवसातून दहादा हात लावून बघितलं. भुरी वाढतच गेली.

मग झापावर एक कुरव येऊन बसला. समुद्रावरचा पांढरा पक्षी, तोंडानं फटकळ. म्हणाला, "माळीणबाई, वेल वाढवताय की बरणीत लोणचं मुरवताय?"

आवडीनं हात जोडले. "पक्षीराजा, चुकलं असेल तर सांगा. माझं लेकरू हसत नाही."

"तीन कामं आहेत. वारा आत घ्या. अर्धी पानं स्वतःच्या हातानं काढा. मग तीन दिवस वेलीकडं फिरकू नका."

झाप सोडायला गेली तर झापांना हात फुटले, त्यांनी खांब घट्ट धरले. आवडीनं एकेक बोट सोडवलं. दुसरं काम त्याहून अवघड. कात्री लावली की पान तिच्या लेकीच्या आवाजात रडे. तिनं ओठ दाबले, भुरीची पानं काढली, दाटलेले घड विरळ केले आणि सगळा ढीग जाळून टाकला.

तिसरं काम म्हणजे काहीच करायचं नाही, आणि तेच तिला जमेना. उंबऱ्यात बसून ती पदराला गाठी मारी, सोडी. तिसऱ्या दिवशी भस्मनाथ कुंपणाशी आला.

"वेल सुकली, बाई. आईचं काळीज असून बघायला येत नाहीस?"

ती उठली. एक पाय उंबऱ्याबाहेर पडला. मग तिनं तो मागं घेतला.

"बाबा, माझ्या हातचं होतं ते करून झालं. आता वाऱ्याचं काम वारा करील."

तेवढ्यात समुद्रावरून वारा आला. तो अंगाला लागताच मांत्रिकाची दाढी राख झाली, मग खांदे, मग पाय. वारा उलटा फिरला, ती राख लाटांवर पडली आणि विरघळली.

चौथ्या सकाळी वेलीवर एक घड पिकला होता, टपोरा आणि निर्मळ. राजा स्वतः आला आणि म्हणाला, हा घड माळिणीच्या लेकीचा. आवडीनं एक मणी पिळून थेंब तिच्या ओठाला लावला. लेकीनं तोंड वेडंवाकडं केलं, डोळे मिटले आणि खळखळून हसली. त्यामागोमाग घरोघरचे पाळणे हसू लागले. राजानं नेम घालून दिला, यापुढं पहिला तोडा दारी येईल त्याचा.

आणि आवडीनं लेकीच्या डोक्यावरची कुंची काढली, तिला समुद्राच्या वाऱ्याला बसवलं.